गोधडीचं भाडं

त्या वर्षी केजमध्ये माझ्याशी मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईशी लोक आवाज खाली घेऊन बोलतात. भाजीवाली मी काही म्हणायच्या आत भाव कमी करायची. लग्न झाल्यापासून ज्यांनी मला कधी सरळ हाक मारली नव्हती, त्या माझ्या सासूबाई, आत्याबाई, मला "बाळा" म्हणायला लागल्या होत्या. मला त्याचं बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. उठायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या. कुणी "जेवलीस का?" विचारलं तर आठवून सांगावं लागायचं.

यांचं बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरोघरी केबल आली, तसं गिऱ्हाईक तुटलं. तरी खेड्यापाड्यांत कुणाच्या माळ्यावर जुना लाकडी पेटीचा रेडिओ आहे असं कळलं की हे जीपनं जायचे आणि घेऊन यायचे. साफ करायचे, वाजता करायचे, फळीवर मांडायचे. विकायचं मनात नसायचंच. ते गेल्यावर रेडिओ तसेच फळीवर राहिले आणि शटर बंद.

माझ्या धाकट्या दिरांचा एसटीडी बूथ होता. मोबाइल आल्यावर त्यांनी त्याच जागेत तीन कॉम्प्युटर लावून इंटरनेट सुरू केलं. एक दिवस ते म्हणाले, "वहिनी, शहरातले लोक हे जुने रेडिओ बोली लावून घेतात. कॉम्प्युटरवर. आपुन एक टाकून बघू."

माझे वडील मोंढ्यात अडत दुकान चालवायचे. बोली म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत. मी विचारलं, "आन् हमाली, तोलाई?"

"ती घेणाऱ्याकडं," ते म्हणाले. "भाडं लागंल तसं, असं लिहितो."

मी "बरं" म्हणाले. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणायचे.

फोटो स्टुडिओवाल्याकडून एका रेडिओचा फोटो काढून घेतला. स्टेशन लागलं की उजळणारा हिरवा डोळा कोपऱ्यात असलेला होता तो. बोली चार-पाच जणांनी लावली. ती संपायच्या वेळेला भारनियमन होतं, कॉम्प्युटर बंद. दुसऱ्या दिवशी कळलं की नाशिकच्या एका गृहस्थांनी घेतला. त्यांचा ड्राफ्ट आला आणि पाठवायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण भाऊजींना दुकान सोडता येत नव्हतं.

सुताराकडून फळ्यांची पेटी करून घेतली. आतले व्हॉल्व्ह काचेचे, त्यांना धक्का बसायला नको. म्हणून घरातली एक जाड गोधडी काढली आणि रेडिओ तिच्यात गुंडाळला. यांच्या आजारपणात त्यांच्या अंगावर असायची, तीच ती गोधडी. नंतर मला पुष्कळांनी विचारलं की मुद्दाम तीच का घेतली. मुद्दाम नव्हतं. ती जाड होती.

पेटी एसटीच्या टपावर टाकून बीडला नेली. तिथल्या ट्रान्सपोर्टवाल्यानं वजन केलं, लांबी-रुंदी मोजली आणि पावती फाडली. भाडं नाशिकला माल उतरवून घेणाऱ्यानं द्यायचं होतं. आकडा मी वाचला होता. रेडिओच्या किमतीच्या जवळपास होता. वाचून घडी घातली आणि परतीची गाडी धरली.

घरी आत्याबाई गोधडी शोधत होत्या. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, कुणाला तरी देऊन टाकतात. त्यांच्या मनात तेच असावं.

"ती कुठं हाय?"

"नाशिकला गेली."

त्या कपाळाची विभूती पुसून पुन्हा लावत म्हणाल्या, "गेली तर गेली."

आठवड्याभरानं नाशिकचा फोन आला, भाऊजींच्या दुकानात. भाऊजींनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, तोंड लाल झालं, आणि मी समोर होते म्हणून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"ही लूट आहे!" पलीकडून आवाज आला. वयस्कर पुरुषाचा, खणखणीत. "वस्तू स्वस्तात दाखवायची आणि भाड्यात कापायचं! रेडिओ केवढा आणि पेटी केवढी! वर आत गोधडी. गोधडीचं भाडं मी का भरायचं?"

मी कानाला लावलेला फोन जरा लांब धरला. इतक्या मोठ्यानं कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

"गोधडी न्हाई घातली तर काच फुटती," मी म्हणाले. "मग तुमीच म्हनला असता, फुटका माल दिला."

"थर्माकोल मिळत नाही का तुमच्याकडे?"

"मिळतंय की. गणपतीत."

"आणि या फळ्या? या कशासाठी?"

"एसटीच्या टपावरून गेलती पेटी. तुमी बसलाव का कधी त्या रस्त्यानं?"

त्यांनी फोन आपटला. भाऊजी माझ्याकडं बघत होते. कॉम्प्युटरवर बसलेली पोरंही बघत होती. मला घाम आला होता. घरी जाऊन मी भाकरी केली आणि खाल्ली. चव लागली की नाही ते सांगता येत नाही, पण खाल्ली हे लक्षात राहिलं.

नाशिकच्या गृहस्थांचं म्हणणं होतं की अर्धं भाडं आम्ही परत करावं. भाऊजींचं म्हणणं होतं की लिहिलेलं वाचलं नाही ही त्यांची चूक. गृहस्थांनी चिडून कॉम्प्युटरवर, बोलीच्या पानावर, आमच्या नावापुढे लाल शेरा मारला आणि खाली इंग्रजीत लिहिलं की या विक्रेत्यापासून सावध राहा. भाऊजींना दुकानाच्या इज्जतीचा प्रश्न वाटला. मला शेऱ्याचं काही वाटलं नाही. पण ते गृहस्थ आता रोज दुपारी फोन करायचे, आणि ती वेळ झाली की मी काहीतरी निमित्त काढून दुकानात जायला लागले.

"मला कळत नाही," ते एकदा म्हणाले, "तुम्ही बाई असून इतक्या आडमुठ्या कशा?"

"तुमी बापय असून गोधडीसाठी रडताव, मग म्या काय करू?"

"तुमच्या घरात दुसरं कुणी समजूतदार नाही का?"

"न्हाई," मी म्हणाले.

भाऊजींना मी बजावलं होतं की घरातलं काही त्यांना सांगायचं नाही. भाऊजींनी ते काही दिवस पाळलं, पण लाल शेरा त्यांना सलत होता. एक दिवस मी नसताना त्यांनी कॉम्प्युटरवरून नाशिकला इंग्रजीत पत्र टाकलं की रेडिओ माझ्या वारलेल्या भावाचे, विकणारी त्याची विधवा, बिचारीला व्यवहार कळत नाही, सांभाळून घ्या. मला त्यांनी नंतर सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता.

त्या दुपारी फोन आला तेव्हा मला आवाज ओळखूच आला नाही.

"ताई," ते हळू म्हणाले, "मला कल्पना नव्हती हो. भाड्याचं राहू द्या. मला काही नको."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"रेडिओ छान वाजतोय. उरलेले किती आहेत तुमच्याकडे? मी सगळे घेतो. बोली नको, तुम्ही म्हणाल ती किंमत. भाडंही माझ्याकडे."

"घ्यायचे तर बोली लावून घ्या," मी म्हणाले.

"ताई, तसं नव्हे, मी मदत म्हणून..."

"आत्ता गिऱ्हाईक हायत दुकानात," मी म्हणाले आणि फोन ठेवला. तीनही कॉम्प्युटर रिकामे होते.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, समदे गेले असते की एका झटक्यात! कावून न्हाई म्हनलाव?"

मी चपला घालून घरी आले. नाशिकचा तो आवाजही आता खाली आला होता. त्यानंतर नाशिकहून फोन आला नाही. बोली तर त्या गृहस्थांनी लावलीच नाही.

काही दिवसांनी भाऊजींनी मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मारलेला लाल शेरा काढता येत नाही, म्हणून त्या गृहस्थांनी त्याच्याखाली आणखी एक ओळ जोडली होती. भाऊजींनी अर्थ सांगितला: गैरसमज झाला होता, बाई दुःखात आहेत, प्रामाणिक आहेत.

"हे पुसता येतं का?" मी विचारलं.

"न्हाई. ते बी न्हाई पुसत."

मग ते तसंच राहिलं. वर लाल शेरा, खाली मी दुःखात. आणखी दोन रेडिओ टाकून बघितले, कुणी बोली लावली नाही. वर्षभरानं अंबाजोगाईच्या रस्त्यावर एक नवा ढाबा झाला. त्याच्या मालकाला भिंतीवर शोभेला जुन्या वस्तू हव्या होत्या. तो स्वतःची जीप घेऊन आला. वाजतात का, असंही त्यानं विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून रेडिओ जीपमध्ये मांडले, मध्ये बारदान कोंबलं. जीप गेल्यावर मी यांचं दुकान झाडून काढलं आणि किल्ली भाऊजींच्या टेबलावर नेऊन ठेवली.