तात्यांच्या खांद्यामागचा माणूस

हसायचं तर हसा, पण चहा सांभाळून. असला गाढवपणा ओतूरच्या पेठेत दुसऱ्या कुणी केला नसेल!

तेव्हा माझा तिथे फोटो स्टुडिओ होता. नवा इंकजेट प्रिंटर आणलेला, पण त्यातून ब्लॅक अँड व्हाइट फोटो हिरवट यायचे. वर पाण्याचा थेंब पडला, की माणसाचं नाक हनुवटीवर! म्हणून डार्करूम काही मी मोडली नव्हती.

एक दिवस कळंबचा ज्ञानोबा वडिलांची निगेटिव्ह घेऊन आला. तात्या वारले होते. दहाव्याला मोठा फोटो हवा होता.

"भाऊ, मशीनवरच काढा. लवकर व्हईल."

"मशीनला माणूस कळतो का रे?" मी छाती फुगवली. "तात्यांना मी हातानं काढणार!"

डार्करूममध्ये लाल दिवा लावला. कागदावर निगेटिव्हमधून उजेड पाडला, कागद औषधात बुडवला. हळूहळू तात्या वर येऊ लागले. टोपी आली. डोळे आले. आणि तात्यांच्या खांद्यामागे, मोकळ्या भिंतीवर, आणखी दोन डोळे उघडले!

मग मिशी. मग दाट केस. औषध हलेल तसा तो चेहरा हलत होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता. निगेटिव्ह पुन्हा पाहिली. तात्या एकटेच!

दुसरा फोटो काढायचा धीर कुणाला? संध्याकाळी ज्ञानोबाला तोच दाखवला. तो मटकन खाली बसला.

"हे तर आमचं चुलतं! घर सोडून गेलं, ते परत आलंच न्हाई. तात्यांना न्यायला आलंय बघा!"

"तू पाहिलं होतंस त्यांना?"

"मी पाळण्यात व्हतो. पर दुसरं कोण असणार?"

त्या चुलत्याचा एकही फोटो घरात नव्हता. ज्ञानोबा रडायला लागला. आता तरी मी गप्प बसावं ना? छे!

"असलं मशीनमधून कधी आलं असतं का, राव?"

दहाव्याला गेलो, तर फोटोतल्या दोघांच्याही कपाळाला गंध! लोक पाया पडत होते. मीही पडलो. त्या डोळ्यांत बघायची हिंमत होईना.

मग काकूंना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, फोटोपुढे आणलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे. पुन्हा फोटोकडे.

"ज्ञानोबा, ह्यो तुझा चुलता न्हाई."

"मग कोण?"

"आपल्या सुमीच्या लग्नात दिवसभर नवरानवरीच्या म्होरं उभा व्हता, मला अक्षदा टाकू दिल्या न्हाईत, त्यो फोटोवाला! तवा केस व्हते त्याला."

सगळ्यांच्या माना माझ्या टकलाकडे वळल्या. आणि मला आठवलं. महिन्यापूर्वी मी माझाच जुना, केस असतानाचा फोटो मोठा करायला घेतला होता. कागदावर उजेड पाडला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि तो कागद मी कोरा समजून परत पाकिटात घातला होता! औषधात बुडवेपर्यंत तो कोराच दिसतो, आणि नेमका त्याच कागदावर मी तात्या काढले!

ज्ञानोबा नुसतं बोटानं माझ्या फोटोवरचं गंध पुसत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघालो, तर काकूंनी जेवायला बसवलं. वाढणारी बाई माझ्यापुढे थबकली. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"काकू, ह्यांना हितंच वाढू, का ह्यांचं पान कावळ्याला ठिवू?"