चिमूटभर मीठ आणि सगळ्यांचे हात

पहिलीच्या वर्गावर शिकवलेल्या बाईला किस्से आठवावे लागत नाहीत हो! ते चिकटूनच घरी येतात. संध्याकाळी पर्स उपडी केली की आधी खडूचा तुकडा पडतो, मग लिंबाची बी, मग कोणीतरी प्रेमाने ठेवलेला अर्धा चावलेला लाडू, आणि मागोमाग त्या लाडवाची गोष्ट. लाडू टाकून देता येतो. गोष्टीचं काय करायचं? ती दुसऱ्या दिवशी आणखी दोन मैत्रिणी घेऊन येते. डोक्यात नुसती अडगळ झाली आहे. आता तुम्ही चहा पाजताय, तर थोडी रिकामी करते.

आमची शाळा हडपसरला. तेव्हा शाळेच्या मागे अजून ऊस उभा होता आणि समोर नव्या बिल्डिंगी चढत होत्या, त्यामुळे वर्गात दोन्हीकडची पोरं. दर शनिवारी शेवटचा तास माझा, गोष्ट आणि खाऊचा. आधी मी गोष्ट सांगायची, मग गोष्टीत जे काही खाल्लं असेल ते पोरांनी स्वतः करायचं आणि खायचं. गॅस नाही, सुरी नाही. सोला, मोडा, कुस्करा, कालवा. नियम एकच: ‘हात लागला तरच खाऊ.’ ज्याला वर्गातल्या प्रत्येकाचा हात लागला नाही तो पदार्थ झालाच नाही!

मला हा नियम फार सुंदर वाटायचा. पहिल्या शनिवारपर्यंत.

*

पहिल्या शनिवारी लिंबाचं सरबत होतं. गोष्ट माझीच, एका आंबट तोंडाच्या राजाची. प्रजा त्याला हसवायला सरबत करते, अशी. पोरांनी लिंबं पिळली, साखर ढवळताना प्रत्येकाने पळीचा एकेक फेरा दिला, सगळं कसं छान चाललं होतं. मग मी म्हणाले, “आता चिमूटभर मीठ,” आणि पातेल्यातल्या बिया काढायला लागले.

रांग लागली. नियम म्हणजे नियम! अख्ख्या वर्गाने चिमूट-चिमूट मीठ टाकलं. काहींनी मायेने दोनदा.

आणि नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई दारात! आमच्या मुख्याध्यापिका. खळ घातलेली सुती साडी, नाकाच्या टोकावर चष्मा. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्याची गरजच पडायची नाही. नाजनीन नावाची आमची एक काटकुळी पोरगी, पेला घेऊन धावलीच. मोठ्या बाईंनी एक घोट घेतला. गिळला. पेला टेबलावर ठेवला, पदराने ओठ टिपले.

“छान,” त्या म्हणाल्या. “समुद्राची गोष्ट होती का?”

“नाही, राजाची होती,” नाजनीन म्हणाली. “पण तो बुडाला.”

जाताना मोठ्या बाई मला म्हणाल्या, “किती दिवस चालणार आहे हे?”

“वर्षभर,” मी म्हणाले.

“बघू.”

मोठ्या बाईंच्या ‘बघू’चा अर्थ आमच्या शाळेत शिपायालासुद्धा ठाऊक होता. त्या दिवसापासून माझ्या शनिवारच्या तासावर टांगती तलवार होती, आणि त्यांनी वर्षभर आमच्याकडचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नाही.

*

नंतर आला लाल भोपळा. मीच हौसेने त्याला खडूने डोळे काढले, मिशा काढल्या, आणि भोपळेआजोबांची लांबलचक गोष्ट सांगितली. आजोबा उन्हात झोपतात, मुंगीशी भांडतात, घोरतात. बेत असा की बबनमामांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, भोपळा फोडून द्यायचा, पोरांनी गर काढायचा आणि मी घरून घारगे तळून आणायचे.

बबनमामा कोयता घेऊन दारात आले आणि वर्गात एकच आकांत! “आजोबांना मारू नका!” दोघी तर भोपळ्याला मिठी मारून बसल्या. बबनमामा केवढा दांडगा माणूस, पण कोयता पाठीमागे लपवून म्हणाले, “बाई, मी काही केलेलं नाही!”

मग काय, आजोबा कपाटावर राहायला गेले. पोरं येता-जाता त्यांना नमस्कार करायची. सोमवारी मोठ्या बाई फेरीवर आल्या. “हे कोण?” त्यांनी विचारलं.

ओंकार म्हणून एक गुटगुटीत पोरगा होता, इथल्याच शेतकरी घरातला. तोंडावर बोट ठेवून म्हणाला, “आजोबा हायत. झोपल्यात. हळू बोला.”

मोठ्या बाईंनी खरोखर आवाज खाली आणला. “उठले की ऑफिसात पाठवा,” त्या म्हणाल्या. “त्यांचं नाव पटावर नाही.”

*

‘अर्धा’ शिकवायला पेरू आणला होता. हाताने फोडला, दोन तुकडे दोन हातांत धरले आणि विचारलं, “अर्धा म्हणजे काय?”

ओंकार ताडकन उठला. “ताईला मिळतो त्याच्यापेक्षा बारका असतो तो!”

सांगा आता, याला चूक कसं म्हणायचं?

*

एकदा सगळ्यांना घेऊन मंडईत गेले. प्रत्येकाने एका भाजीची ओळख करून घ्यायची, विकणाऱ्यांशी बोलायचं, नमस्कार करायचा, असं बजावून ठेवलं होतं. नाजनीन एका वांगीवाल्या मावशींपुढे जाऊन उभी राहिली. हात जोडले आणि विचारलं, “मावशी, वांगं तुमच्या गोष्टीत काय करतं?”

मावशी पाणी मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमच्या गोष्टीत ते पिशवीत जातं. पिशवी आणलीयस का?”

“नाही.”

“मग गोष्ट संपली. सरक बाळा, गिऱ्हाईक आलंय.”

पुढे चार पावलं गेलो तर मागून हाक आली. “ए पोरी! इकडे ये.” आणि मावशींनी तिच्या हातात एक इवलंसं, काटेरी देठाचं वांगं ठेवलं. “हे जरा हट्टी हाय. घरी जाऊन सांग काय केलं त्यानं.”

पुढचे दोन शनिवार आम्हाला त्या हट्टी वांग्यावाचून दुसरी गोष्ट चालेना!

*

हे सगळं वर्गात राहिलं असतं तर ठीक होतं. एक दिवस ओंकारचे आजोबा, खरे आजोबा, शाळेच्या पायरीवर येऊन बसले. पांढरं धोतर, टोपी, आणि चेहरा असा की मी आधी पाणीच मागवलं.

“बाई, पोराला काय लावलंय तुमी?” ते म्हणाले. “ताटावर बसतंय आन् म्हनतंय, आधी गोष्ट सांगा. काल कारलं केलं व्हतं. कारल्याची काय गोष्ट असती? कडू हाय, गिळायचं हाय!”

मी म्हटलं, “हीच तर झाली की गोष्ट. ते कडू का झालं, तेवढं घाला त्यात.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच कारलं वाढणार आहेत! उठले आणि गेले. महिन्याभराने ओंकारची आई तक्रार घेऊन आली. “बाई, मामंजींना जरा समजावा. गोष्ट संपल्याबिगर कुनाला घास घेऊ देत न्हाईत. भाकरी गार होती रोज!”

आजोबांनी पुढे, वर्ष संपता संपता, माझ्यासाठी बांधावरच्या झाडाची लिंबं पाठवली. पिशवीभर. ती पिशवी लक्षात ठेवा.

*

ईदनंतरच्या शनिवारी नाजनीनच्या अम्मींना बोलावलं, शीरखुर्म्यासाठी. घरातले शिलाईकाम करणारे, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले. गरम दूध डब्यात घालून आणलं होतं, भाजलेल्या शेवया वेगळ्या. पोरांनी खजूर पाहिला आणि त्यांना वाटलं, आता वाळवंट येणार, उंट येणार!

“तुमच्या उंटाचं नाव काय?” एकाने विचारलंच.

अम्मी खो-खो हसल्या. “अरे राजा, आम्ही भवानी पेठेतले. माझ्या लहानपणी आमच्याकडे एक लूना होती, तीसुद्धा चालू व्हायची नाही. तिची सांगू?”

आणि त्यांनी काय सांगितली हो गोष्ट! त्यांचे वडील ऐन ईदला दुधाची किटली लूनाला अडकवून निघतात, लूना बंद पडते, आणि अख्खी गल्ली लूना ढकलत घरी येते. “मग त्या सगळ्यांनाच शीरखुर्मा द्यावा लागला,” अम्मी म्हणाल्या, “आणि आम्हाला उरला चमचा-चमचा.” तोवर पोरांनी नियमाप्रमाणे शेवयांना हात लावला होता. प्रत्येकाने एकदा मोडल्या. शेवया राहिल्याच नाहीत, पीठ झालं! अम्मींनी ते निमूटपणे दुधात घातलं आणि म्हणाल्या, “चावायचा त्रास वाचला.”

*

आता खरा किस्सा.

वर्ष संपत आलं होतं. काही पालकांनी ऑफिसात जाऊन कुरकुर केली. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत.

“दुसऱ्या तुकडीची बाराखडी झाली,” त्या म्हणाल्या. “तुमच्या तुकडीची भेळ झाली. बाई, खाऊन मुलं खूश होतात, त्याला शाळा लागत नाही. त्यातून ती शिकली काय, ते मला दिसलं पाहिजे. शनिवारी येते मी. दिसलं तर ठेवू. नाहीतर पुढच्या वर्षी तिथे शुद्धलेखन.”

मी घरी येऊन ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू? तो एक तास माझा जीव की प्राण होता. त्या तासासाठी मी बाकीचा आठवडा रेटायचे. शुक्रवारी उशिरापर्यंत मोठ्याने गोष्टीची तालीम केली, चढउतार, आवाज, सगळं.

आणि शनिवारी सकाळी घसा ठार बसला! तोंडातून नुसती हवा.

मोठ्या बाई वेळेवर आल्या आणि पोरांच्या इवल्याशा खुर्चीवर ताठ बसल्या. मी फळ्यापुढे उभी. तोंड उघडलं, काही नाही. पोरं बघताहेत, मोठ्या बाई बघताहेत.

“बाईंचा घसा बसलाय,” नाजनीनने जाहीर केलं. “बाईंना सरबत करून देऊ या!”

मी जीव खाऊन दोन्ही हात हलवले, नको, नको! सरबत नको! जगात दुसरं काहीही करा! पोरांना वाटलं, बाई म्हणताहेत, लवकर करा. आजोबांच्या लिंबांची पिशवी कोपऱ्यात होतीच. क्षणात पातेलं आलं, पाणी आलं. आंबट तोंडाच्या राजाची गोष्टही त्यांनीच सुरू केली, एकाने एक वाक्य, दुसऱ्याने पुढचं. राजाच्या दरबारात भोपळेआजोबा घोरत होते, हट्टी वांगं प्रधान होतं, आणि राजा लूनावर बसून आला होता! मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

साखर झाली. मग मिठाची बरणी निघाली आणि मी डोळे मिटून घेतले.

“थांबा!” ओंकारचा आवाज. “मागच्या टायमाला सगळ्यांनी टाकलं म्हनून राजा बुडाला. एकानंच टाकायचं.”

“पण मग बाकीच्यांचा हात नाही लागणार,” कोणीतरी म्हणालं. “मग सरबत झालंच नाही!”

मी डोळे उघडले. ओंकार डोकं खाजवत होता.

“आमच्याकडं सत्यनारायण असतो ना,” तो म्हणाला, “तवा सगळं पप्पाच करत्यात. आई नुसती त्यांच्या हाताला हात लावती. मग दोघांचं व्हतं. भटजीच म्हनत्यात तसं.”

“मग मीठ कोण टाकणार?”

“नाजनीन. तिची बोटं बारीक हायत. चिमूट बारकी येती.”

नाजनीनने बरणीत दोन बोटं घातली आणि चिमूट पातेल्यावर धरली. ओंकारने तिच्या कोपराला हात लावला. त्याच्या खांद्याला पुढच्याने, त्याच्या खांद्याला त्याच्या पुढच्याने. बाकांमधून वळत वळत पोरांची रांग थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली. कोणी कोणाला ढकललं नाही. मला मध्येच कोणीतरी ओढून घेतलं, तेव्हा मी पुन्हा रडत होते, आणि या वेळी आवाजसुद्धा येत नव्हता.

“लागला सगळ्यांचा?” नाजनीनने विचारलं.

“लागला!”

चिमूट पडली. एकच.

पहिला पेला माझा होता, पण नाजनीन तो घेऊन सरळ मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली. मोठ्या बाईंनी पेल्याकडे पाहिलं. चष्मा सारखा केला. मग प्यायल्या, एक घोट नाही, अख्खा पेला. पेला खाली ठेवला, पदराने ओठ टिपले.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या.

नाजनीनने वळून रांगेकडे पाहिलं आणि ओरडली, “चला रे, परत हात लावा सगळ्यांनी!”

पोरं धावली. रांग पुन्हा मागच्या भिंतीपर्यंत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मोठ्या बाईंनी पदर खोचला, रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

“लागला,” त्या म्हणाल्या. “टाक.”