मिठाच्या राशीवरची शपथ

ज्या उन्हाळ्यात चिमूटभर मिठासाठी देशभर माणसं तुरुंगात जात होती, त्याच उन्हाळ्यात मी मिठागरात राबणाऱ्या माणसांना मीठ सोडायला सांगत हिंडत होतो. माझा आवाज मोठा होता आणि हातात छापलेला कागद होता. तेवढ्यावर माणूस बरंच काही करू शकतो.

मी तेवीस वर्षांचा होतो. मुंबईच्या एका उपचारगृहात सहा महिने रोग्यांना ओल्या चादरी गुंडाळल्या, कटिस्नानाची टबं घासली आणि उरलेल्या वेळात पुस्तिका पाठ केल्या. औषध म्हणजे विष. रोग म्हणजे साठलेला मळ. माती, पाणी, ऊन आणि उपास एवढे चार वैद्य पुरे. यातलं पुष्कळसं मी आजही मानतो. तेव्हा मात्र सगळंच मानत होतो, शेवटच्या पानावरच्या शुद्धिपत्रासकट.

रेवदंड्याच्या खाडीकाठी, थोडं आत, एका गावात मी झोपडी घेतली आणि बाहेर पाटी लावली. रंगीत पाण्याच्या बाटल्या देणाऱ्या तिथल्या डॉक्टरवर पत्रकं काढली, बाजाराच्या दिवशी स्वतः वाटली. त्याच्या बाटल्या पिऊनही दुखणं न हललेली माणसं माझ्याकडे येत. त्यांच्या हालांची मला चीड यायला हवी होती. खरं सांगायचं तर आनंद व्हायचा.

असाच एक जण आला. चाळिशीचा, मिठागरात मीठ ओढणारा. उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. मी मातीच्या पट्ट्या सुरू केल्या, आठवड्यात सूज उतरायला लागली. मग मी पुस्तिकेतलं पुढचं पान उघडलं. एकवीस दिवस फळं, ताक, बिनमिठाची भाकरी. मिठाचा कण नाही. हे सांगायला मी मिठागरात गेलो.

"मिठावर बसून अलनी जेवायचा व्हय, मास्तर?" त्याच्या सोबत्याने बांधावरून विचारलं. सगळे हसले. "मंग माशानं पानी सोडायला पायजे!"

तो स्वतः हसला नाही. गुडघ्याने त्याला रडवलं होतं. "तुमी सांगाल तसा करतो," तो म्हणाला.

त्या गावात एक रीत होती. मोठा शब्द द्यायचा तर हंगामातल्या पहिल्या राशीवर उजवा हात ठेवून द्यायचा. भांडणं त्यावर मिटत, दारू त्यावर सुटे. हे ऐकल्यावर मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. ज्या मिठाला ही माणसं देव मानतात त्याच मिठावर हात ठेवून मीठ सोडवायचं! मी त्याला राशीपाशी नेलं आणि सगळ्यांच्या देखत त्याच्याकडून शपथ घेतली. तो शब्द सोडवायचा कसा, हे विचारण्याची मला गरज वाटली नाही.

वैशाख तापलेला. पाऊस यायच्या आत मीठ उचलायचं म्हणून मालकाने सगळ्यांना सकाळपासून उन्हात उभं केलेलं. माझ्या पुस्तिकेत 'पूर्ण विश्रांती' असं ठळक अक्षरांत होतं. मी ते त्याला वाचूनही दाखवलं होतं. विश्रांतीला मालकाची परवानगी लागते, आणि एक दिवस चुकला तर त्या जागी दुसरा माणूस उभा राहतो, हे पुस्तिकेत नव्हतं. मला दिसत होतं, पण मी ते उपचाराच्या बाहेरचं समजलो.

नवव्या दिवशी सकाळी त्याची बायको धावत आली. "पोरीच्या बापसाच्या पोटऱ्यांना गोळे येतान, मास्तर. जेवलेला ठरत न्हाय. डोका फिरतंय म्हनतो."

मला ते पान तोंडपाठ होतं. उपचाराच्या मध्यावर रोग उसळी मारतो, विष बाहेर पडतं, घाबरू नये. मी तेच तिला सांगितलं. वर म्हणालो, "हे शुभ लक्षण आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत गेली. त्या नजरेचा मला राग आला होता, हे लिहून ठेवतो.

दुपारी ती पुन्हा आली. आता धावत नव्हती. "बांधावर पडलाय," ती म्हणाली. "सासूनं मीठ घालून पेज आनली. तोंड मिटून घेतो. शपत हाय म्हनतो. तू घेतलीस, तूच सोडव."

तुमीचं तू झालं होतं. मी टोपीही न घालता निघालो.

तो बांधाच्या आडोशाला गोणपाटावर होता. पाय लाकडासारखे ताठ, पोटऱ्यांत गाठी उठलेल्या, ओठ पांढरे. इतका वेळ उन्हात राबलेला माणूस, पण अंगाला घाम नव्हता. त्याची आई पेजेचं भांडं धरून बसली होती. मी गुडघे टेकून म्हणालो, "शपथ सुटली. पी."

त्याने मान हलवली. नाही.

"नुस्ता बोलून सुटत न्हाय," म्हातारी म्हणाली. "ज्यानं घेतली त्यानं राशीतला मीठ आदी आपल्या तोंडात घालायचा. सगल्यांच्या म्होरं."

दोन वर्षं मी मीठ खाल्लं नव्हतं. सभांतून हे छाती पुढे काढून सांगितलं होतं. आणि आता कामं टाकून माणसं जमली होती, त्या दिवशी बांधावरून थट्टा करणारा तो सोबतीही त्यांत होता, आणि कुणी हसत नव्हतं. खोटं वाटेल, पण तेवढ्यातही माझ्या मनात आलं की उद्या त्या डॉक्टरला हे कळेल.

मी राशीपाशी गेलो. मूठ भरली. कच्चं, खड्याचं, चिखलाच्या वासाचं मीठ. तोंडात घातलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, "मी चुकलो. याला मीठ लागतं. मी विचारलं नाही."

"घे आता," म्हातारी लेकाला म्हणाली. त्याने तोंड उघडलं. ती घोट घोट पेज पाजत गेली. बायको पोटऱ्या चोळत होती. ऊन उतरेपर्यंत मी ओला पंचा त्याच्या कपाळावर बदलत राहिलो. माझ्या शास्त्रातलं तेवढंच एक त्या दिवशी उपयोगी पडलं. पाय सैल झाले तेव्हा त्याने पहिल्यांदा नाव घेतलं ते मुलीचं.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा मिठात उभा होता. त्याला उभं राहावं लागलं याची चीड मला आजही आहे, आणि ती चीड मी आजही छापतो. पण उरलेल्या प्रत्येक पुस्तिकेतलं मिठाचं पान मी हाताने फाडलं.

पाऊस सुरू होऊन आगर बंद पडलं तेव्हा तो स्वतःहून आला. गुडघा परत सुजला होता. ओट्यावर बसत म्हणाला, "आता काय सोडू, मास्तर?"

"काही नको. दिवसभर काय काम करतोस ते सांग."

"तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांग."

त्याने पाय लांब केला आणि सांगायला सुरुवात केली. मी माती भिजत घातली आणि ऐकत बसलो.