भाऊजींचा कायमचा रेनकोट

आयुष्यात कुठलीही वस्तू दुसऱ्यांदा विकत घ्यायची नाही, एवढ्या एका निश्चयावर सबंध संसार रेटून नेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. भाऊजी गिरगावातले. अंगाने किरकोळ, स्वभावाने गरीब, आणि आवाज इतका मऊ की ट्रामच्या कंडक्टरकडे ते तिकीट मागताहेत की माफी मागताहेत, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. पण दुकानाची पायरी चढले की त्यांच्या अंगात यायचं. वस्तू घ्यायची ती ‘कायमची’. त्यांच्या खोलीला लावलेलं कुलूप दारापेक्षा भारी होतं. चोर आलाच असता तर खोली तशीच ठेवून कुलूप घेऊन गेला असता. त्यांचे बूट लग्नाच्या आधीचे, आणि पहिली दोन वर्षं ते लंगडतच चालत. कुणी हळहळलं तर म्हणायचे, “चांगलं कातडं मऊ व्हायला वेळ लागतो. त्या मानाने पाय लवकर मऊ होतात.” ताईला पाहायला आले तेव्हाही पहिल्याच बघण्यात होकार देऊन मोकळे झाले, कारण पुन्हा पुन्हा बघायला जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ताई हसून सांगायची, की आपली गणती कुलपात आणि बुटांतच आहे, पण टिकण्यात आपण दोघांनाही मागे टाकलं.

असा हा माणूस एका पावसाळ्याच्या तोंडावर फोर्टातल्या एका पारशाच्या दुकानात शिरला आणि विलायती रेनकोट घेऊन बाहेर पडला. आतून कापड, बाहेरून रबर, गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत बटणं, वर टोपी. किंमत ऐकून ताई पाटावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. त्या किमतीत आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना छत्र्या आल्या असत्या आणि वर चहा झाला असता. शिवाय भाऊजींची नोकरी विमा कंपनीच्या रेकॉर्डखात्यात. घरासमोर ट्राम, कचेरीसमोर ट्राम, मधली चार पावलं उघड्यावर. तेवढ्या चार पावलांसाठी हा माणूस आगबोटीच्या कप्तानासारखा पोशाख करून निघायचा. मी पक्का छत्रीवाला. छत्री हरवते, मोडते, उलटी होते, पण तिच्यापायी कुणाचं दिवाळं निघालेलं मी पाहिलं नाही. तसं मी बोलून दाखवलं. त्यावर भाऊजींनी मला समोर बसवून समजावलं, की छत्री दर दोन वर्षांनी घ्यावी लागते, हा कोट मात्र आपल्यापेक्षा जास्त जगणार आहे; तेव्हा आयुष्याचा हिशोब मांडला तर छत्री हीच उधळपट्टी. “हा माझ्या मागे राहील, बघ तू,” असं ते अगदी अभिमानाने म्हणाले. स्वतःच्या मरणाबद्दल इतक्या आनंदाने बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे त्या कोटाने घरातल्या कर्त्या माणसाची जागा घेतली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे कोंबडीही महाग होती आणि मसालाही. कोटाला रुंद खांद्यांचा लाकडी हँगर आला, हँगर अडकवायला पितळी खुंटी आली, धूळ बसू नये म्हणून ताईच्या एका बऱ्या साडीचा अभ्रा झाला. रबर चिकटू नये म्हणून पावसाळा सरला की त्याला पावडर लावायची. ताईच्या लेकीलाही त्या घरात तेवढी पावडर मिळाली नव्हती. पाहुणा आला की भाऊजी आधी पाणी विचारायचे आणि लगेच कोटावर पाणी ओतून दाखवायचे. थेंब गोळा होऊन घरंगळायचे, पाहुणा वा म्हणायचा, खालची जमीन ताई पुसायची. आमच्याकडे आले तेव्हाही चाळीच्या गॅलरीत कोट घालून उभे राहिले आणि मला म्हणाले, ओत बादली. मी आनंदाने ओतली. सगळी चाळ बघत होती. भाऊजी खरोखरच कोरडे राहिले, फक्त बूट भरले.

एक गोष्ट मात्र ते कधी कबूल करत नसत. त्या कोटात बाहेरचा थेंब आत यायचा नाही हे खरं, पण आतलाही बाहेर जायचा नाही. विलायतेच्या थंडीसाठी शिवलेला तो कोट, आणि आपली मुंबई भर पावसातही घाम काढणारी. भाऊजी कचेरीत पोचायचे तेव्हा बाहेरून कोट कोरडा ठणठणीत आणि आत शर्ट पिळून घ्यावा असा. ताईला धुण्यावरून कळायचं. ती म्हणायची की एवढे पैसे मोजून भिजायचंच असेल तर पावसात भिजणं फुकट आहे. भाऊजी ऐकून घेत. घाम आलाय हे त्यांनी एकदाही मान्य केलं नाही. हवेत दमटपणा फार आहे, एवढंच म्हणायचे. कोटाने दगा दिला असं म्हटलं तर सगळ्या तत्त्वालाच भोक पडलं असतं, आणि ते त्यांना परवडण्यासारखं नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते त्या वर्षीच्या गणपतीपर्यंत. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. माझा थोरला भाऊ गिरणीत कामाला, आणि सभा, मोर्चा, पत्रकं यांत पुढे. सत्याग्रहात त्याला पकडून नेलं. काही दिवस तर तो कुठल्या तुरुंगात आहे हेही कळेना. लाठीमारात कुणाचा हात गेला, कुणाचा डोळा गेला, असल्या बातम्या मात्र रोज चाळीत पोचायच्या. आईने बोलणं कमी केलं. आमच्या घरचा गणपती आणायचा मान थोरल्या मुलाचा. लालबागच्या कारखान्यातून शाडूची हातभर मूर्ती पाटावर घ्यायची, तोंडावर रुमाल टाकायचा, आणि घरापर्यंत वाटेत पाट कुठेही टेकवायचा नाही, ही आजोबांपासूनची रीत. या वर्षी आणणार कोण, आणि आणायचा तरी कशाला, असं आईच्या मनात आलं. लेकाच्या काळजीने ताईला ती आपल्या मालवणीत म्हणाली, “माझो झील थंय कोठडीत, आणि मी हंय मोदक वळू?” शेवटी तुरुंगात भेटून आलेल्या कुणीतरी भावाचा निरोप आणला, की गणपती चुकवू नका, धाकट्याला पाठवा. आईने मान हलवली. पण आदल्या रात्री तिने मला जवळ बोलावलं आणि मनातलं सांगितलं: “मूर्ती धड इली, तर माझो झील धड येतलो.” यानंतर मला झोप कसली लागते.

चतुर्थीला सकाळी भाऊजी ताईला घेऊन गिरगावातून मुद्दाम आले, अर्थातच कोट घालून. आकाश मोकळं होतं. कारखान्यात मूर्ती हातात घेतली, खबरदारी म्हणून आणलेली माझी छत्री भाऊजींनी वर धरली, आणि आम्ही निघालो. करी रोडच्या पुलावर चढेपर्यंत सगळं ठीक होतं. पुलाच्या मध्यावर आलो आणि पाऊस आला, तो आडवाच. पुलावर आडोसा नाही, मागे फिरावं तरी तेवढंच अंतर, पाट टेकवायची सोय नाही. वाऱ्याने छत्री उलटी केली आणि दुसऱ्या झटक्याला तिच्या काड्या मोकळ्या झाल्या. मी मूर्तीवर वाकून पाठीचं छप्पर केलं, पण वरचा रुमाल भिजायला लागला होता. शाडूची मूर्ती, वर पाण्याचे रंग. आईचं वाक्य माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. मी भाऊजींकडे पाहिलं, आणि ते बटणं सोडत होते.

भर पावसात त्यांनी कोट काढला. खालचा शर्ट आधीच चिंब होता, अंगाला चिकटलेला. एका सरीतच ते आतबाहेर सारखे झाले. त्यांनी गणपतीला कोट घातला. नुसता पांघरला नाही, रीतसर घातला. मुकुटावर टोपी चढवली, बाह्या पुढे घेऊन पाटाखाली बांधल्या, गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. खालचा घोळ माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता. मग दोन्ही हात वर धरून, काहीही उपयोग नसताना, ते माझ्या बाजूने चालू लागले. पूल उतरल्यावर पोलिसांची तुकडी उभी होती. त्या दिवसांत चार माणसं एकत्र दिसली तरी विचारपूस व्हायची, आणि आमच्यात तर तिसरा इसम पाय नसलेला, रेनकोटातला. हवालदाराने अडवलं. भाऊजींनी वरचं एक बटण सोडून सोंड दाखवली. हवालदार मराठीच होता. त्याने हात जोडले, मग हुद्दा आठवून म्हणाला, की जा, पण घोषणा द्यायची नाही. भाऊजींनी त्यांच्या त्या मऊ आवाजात विचारलं, “मोरया म्हटलेलं चालेल ना?” हवालदाराने थोडा विचार केला आणि ते चालेल म्हणाला. मग तो माणूस, ज्याचा आवाज ट्राममध्ये ऐकू येत नसे, डिलाईल रोडभर मोरया म्हणत आला.

आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने कोटातल्या गणपतीला ओवाळलं, माझ्या पायांवर पाणी घातलं, आणि आम्ही आत जाऊन पाट मखरात ठेवला. भाऊजींनी एकेक बटण सोडलं. अख्खी गॅलरी दाराशी जमली होती. मुकुट धड, सोंड धड, हात धड, मोदक जागच्या जागी. मग कोट खांद्यावरून निघताना जरा अडकला, आणि सुटला तेव्हा डाव्या खांद्यावरचा रंगवलेला गुलाबी शेला त्याच्याबरोबर गेला. खांद्यावर शाडूचा पांढरा डाग, आणि कोटाच्या आतल्या कापडावर गुलाबी ठसा. आई ताट घेऊन एक पाऊल मागे सरली.

तेव्हा भाऊजी पुढे झाले. पाणी त्यांच्या केसांतून गळत होतं. “आई, पाऊस आत गेलेला नाही,” ते म्हणाले. “हा माझा घाम आहे. कोट आतून ओला होता, तो पुसायचं घाईत राहिलं. मला या कोटात पहिल्या दिवसापासून घाम येतो.” ताई माझ्या शेजारी उभी होती. तिने तोंडाला पदर लावला; ती हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही असावं. एवढ्या वर्षांत जे बायकोजवळ कबूल केलं नाही, ते त्या गरीब माणसाने सबंध चाळीसमोर सांगून टाकलं, कारण एका आईच्या मनात पावसाचा अपशकुन शिरू नये.

आई मूर्तीकडे बघत राहिली. मग तिने ताट खाली ठेवलं, पदराने आधी भाऊजींचं डोकं पुसलं आणि म्हणाली, “रंग काय, परत लावूक येता. हात-पाय सगळा धड असा. माका आणखी काय नको.” पेटीतून तिने खणाचा एक तुकडा काढला आणि गणपतीच्या डाव्या खांद्यावर शेल्यासारखा घातला. त्या दिवशी भाऊजी माझं धोतर नेसून, माझ्या भावाचा सदरा घालून पंक्तीला बसले. मोदक वाढताना आईचा हात थांबतच नव्हता.

दिवाळी होऊन गेल्यावर भाऊ सुटून आला. अंगावरचं मांस उतरलेलं, गव्हाळ रंग पार काळवंडलेला, दाढी वाढलेली. आईने त्याला दारातच उभं केलं. दोन्ही हात हातात घेऊन पाहिले, बोटं पाहिली, डोकं चाचपलं, डाव्या खांद्यावर जरा जास्तच वेळ हात ठेवला. “रंग उडालो,” ती म्हणाली. “पण धड असा.” भाऊला काहीच कळलं नाही. मागे भाऊजी उभे होते, ते एकदम गॅलरीत गेले आणि उगाचच खाली रस्ता बघत राहिले.

आमच्याकडे अजून मूर्तीच्या डाव्या खांद्यावर खणाचा तुकडा घालतात. नातवंडांना वाटतं तसं शास्त्रच आहे, आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही. भाऊजींनी तो कोट पुढे पुष्कळ वर्षं वापरला, पण आतलं कापड कधी धुऊ दिलं नाही. पाहुण्यांपुढे पाणी ओतायचंही त्यांनी बंद केलं. घाम आला की आता सरळ सांगायचे, आणि हातात पंखा घेऊन बसायचे. एवढे पैसे घालून असला कोट घ्यावा का, असं मला कुणी विचारलं तर पावसाच्या बाबतीत माझं मत अजून छत्रीच्याच बाजूने आहे. पण आमच्या घरापुरती त्याची पै न् पै वसूल झाली, आणि ते ऋण मी जन्मभर मानत आलो.

भाऊजी गेले त्या पावसाळ्यात ताईने हँगरसकट, अभ्र्यासकट कोट माझ्याकडे पाठवला. रबर कडक झालंय, कॉलरशी तडे गेलेत, घातला तर आता पाऊसही आत येईल. गुलाबी ठसा मात्र आहे. अधूनमधून मी अभ्रा काढून बघतो. हा माझ्या मागे राहील, असं भाऊजी केवढ्या अभिमानाने म्हणाले होते. त्यांचे बहुतेक हिशोब कुठेतरी चुकायचे. हा एक चुकला असता तर काय बिघडलं असतं.