चौदा एप्रिलचा मेसेज

"कार्ड खराब झालंय, मॅडम. बदलून द्या."

गायकवाड काकांनी त्यांचं क्रेडिट कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. कल्याणच्या आमच्या ब्रांचमध्ये कार्डांचं काम माझ्याकडे आहे. मी सिस्टिममध्ये पाहिलं. कार्ड धडधाकट होतं.

"हे नाही हो, पोरीचं. नेदरलँडला असते ती."

काका मोहन्याचे. तिथल्या कारखान्यातून रिटायर झालेले. पगार नाही म्हणून त्यांना एफडीवर कार्ड दिलेलं. त्याच खात्यावर त्यांच्या मुलीच्या, प्रज्ञाच्या नावाचं दुसरं कार्ड. याला आम्ही ॲड-ऑन म्हणतो. कार्ड वापरते ती, बिल येतं काकांना आणि प्रत्येक खरेदीचा मेसेजही काकांच्याच मोबाईलवर येतो. लोकांना या मेसेजचा वैताग येतो. काका त्या मेसेजसाठीच आले होते.

"पाऊस संपल्यापासून एक मेसेज नाही. तिकडे अडली असंल पोरगी."

"मग तिलाच विचारा ना फोन करून."

काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "आमचं बोलणं नाही."

दोन वर्षांत परत येते म्हणून गेलेली मुलगी तिथेच नोकरीला लागली. येत नाही म्हणाली तेव्हा काका फोनवर बोलून गेले, "मग फोन पण करू नको." तिने खरंच केला नाही. मुलगी बापावरच गेलेली दिसत होती.

पण त्यानंतरही ती कार्ड वापरत होती. काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. एकही मेसेज डिलीट केलेला नव्हता. दुकानांची नावं त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून समजून घेतली होती. "हा पाववाला. हे ट्रामचं तिकीट. सकाळचं तिकीट आलं म्हणजे कामावर गेली, बरी आहे. हे औषधाचं दुकान, तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही." मग एका मेसेजवर त्यांचं बोट थांबलं. "हा ड्रेसचा. गेल्या चौदा एप्रिलचा. लहानपणापासून जयंतीचे कपडे मीच आणायचो तिला, इथून बाजारातून. सफेद ड्रेस. कमावती झाली तरी म्हणायची, जयंतीचा ड्रेस पप्पांचाच. भांडण झालं तरी गेल्या वर्षी माझ्याच कार्डावर घेतला तिनं."

माझा मुलगा कॅनडात आहे. रविवारी न चुकता व्हिडिओ कॉल करतो आणि काय जेवलास विचारलं की "जेवलो" म्हणतो. मला काकांच्या मोबाईलचा चक्क हेवा वाटला.

मी प्रज्ञाच्या कार्डाची हिस्टरी उघडली. एका किराणा दुकानात कार्ड डिक्लाइन झालं होतं, म्हणजे मशीनने नाकारलं होतं. त्यानंतर तिने ते कुठे लावलंच नव्हतं. आमची बँक पैसे गेले तरच मेसेज पाठवते, नकाराचा पाठवत नाही. त्यामुळे काकांना काही कळलं नाही. कारण लिहिलेलं होतं: इंटरनॅशनल युसेज बंद. कार्ड परदेशात चालायचं तर ॲपमधलं एक बटण चालू असावं लागतं. ते कोणीतरी बंद केलं होतं.

"काका, हे बटण तुम्ही दाबलंत?"

"हो. आमच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर आलेलं. परदेशातून चोऱ्या होतात, बटण बंद ठेवा. मी माझ्या कार्डाचं केलं. तिचं वेगळंय ना?"

"तिचं तुमच्याच खात्यावर आहे. दोन्ही बंद झाली."

पुढचं त्यांना माझ्या आधी कळलं. "म्हणजे तिला वाटलं असंल, बापानं रागात बंद केलं. दुकानात, लोकांसमोर."

मी बटण चालू करून दिलं. "आता तिला सांगा."

"तुम्हीच करा ना फोन. बँकेचा करतात तसा."

मी मॅनेजर सावंत सरांना विचारलं. ते म्हणाले, "करा, पण कार्डाचंच बोला. घरचं काढू नका. बाहेर लाइन बघा केवढी आहे."

प्रज्ञाने फोन उचलला. मी सांगितलं, "तुमचं कार्ड पुन्हा सुरू झालंय. एक सेटिंग चुकून बंद झालं होतं."

"चुकून?"

"चुकून."

मग तिनेच विचारलं, "पप्पा बरे आहेत का?"

समोर काका हाताने नको नको करत होते. सरांची ताकीदही आठवली. पण मुलीने एवढंच विचारलं असताना गप्प कसं बसायचं? "बरे आहेत. माझ्यासमोर बसलेत," मी म्हटलं.

"त्यांना सांगा, मी इथलं कार्ड घेतलंय. त्यांच्या खात्यावरचं बंद केलं तरी चालेल." फोन ठेवला गेला.

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. ॲड-ऑन कार्ड बंद करायचा फॉर्मही पुढे केला. काकांनी तो परत सरकवला. "राहू दे. एप्रिल तर येऊ दे."

त्यानंतर ते अधूनमधून यायचे. पासबुक भरून घ्यायचे आणि जाता जाता विचारायचे, "बटण चालू आहे ना?" मी बघून हो म्हणायचे. मार्च संपला तसं मला त्यांच्याकडे बघवेना.

जयंतीच्या आदल्या दिवशी ते लाइनमध्ये दिसले. टेबलापाशी पोचल्यावर त्यांनी मोबाईल पुढे केला. एकच मेसेज. नेदरलँड, कपड्यांचं दुकान.

"सफेदच घेतला असंल का, मॅडम? मेसेजमध्ये रंग येत नाही."

"नाही येत, काका."

"मग विचारावं लागंल."

ते बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. मोबाईल कानाला होता, बराच वेळ नुसताच. मग त्यांची मान हलायला लागली आणि मी पुढचा टोकन नंबर पुकारला.

परदेशी जाणाऱ्यांना ॲड-ऑन कार्ड देताना मी आता घरच्यांना समोर बसवून सांगते, खात्यावरचं बटण बंद केलं की तिकडचं कार्डही बंद पडतं. बंद करायचंच असेल तर आधी एक फोन करा.