मुकीवाली आजी आणि ‘घरबसल्या वारसा’

मे महिन्यात नागपूरला फिरायला जाणाऱ्या माणसाला लोक डोक्यावर पडलेला म्हणतात. मी गेलो, आणि तेही एका वेबसाइटमुळे.

झालं असं, की तिथल्या एका संग्रहालयानं आपला सगळा संग्रह ऑनलाइन टाकलाय. ‘घरबसल्या वारसा’ असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तो वारसा घरबसल्या चाळताना मला चक्क माझी आजी दिसली. भिवापूरच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या आवारात, लाल ढिगापुढे बसलेली. फोटोखाली ओळ होती, ‘मुकी महिला कामगार. ध्वनी : उपलब्ध नाही.’

आता आमची आजी झोपेतसुद्धा बोलायची. संग्रहालयाची माणसं तिचा आवाज टेप करून घेऊन गेली, तेव्हा माझी शांताआत्या तिथंच होती. आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली आणि तिचा आवाज घरात कुणाकडेच नाही. आत्याला फोन करून फोटोचं सांगितलं, तर म्हणाली, “फोटो राहू दे गा. मले एकडाव मायचा आवाज ऐकाचा हाय.” मी संग्रहालयाला ईमेलवर ईमेल केले. प्रत्येकाला उत्तर एकच, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. शेवटी वैतागून रेल्वेचं तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. पुण्याहून जाताना उन्हाळ्यात एसीचाच डबा घ्या, काटकसर करायला जाल आणि भाजून निघाल. नागपूरहून भिवापूरला उमरेडमार्गे एसटी मिळते, रस्ता बरा आहे. डोक्याला दुपट्टा बांधा, लाजू नका, तिथं सगळेच बांधतात. आत्याकडे जेवायला सांबारवडी होती. मी वाटीत डाळ शोधत बसलो आणि आत्या हसत बसली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वडी मात्र अशी, की त्यासाठी उन्हाचे चटके माफ.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आत्याला घेऊन नागपूर गाठलं. संग्रहालयाच्या दारातच मोबाइल काढून घेतले. आत गेलो, तर एकाही वस्तूखाली माहिती नाही, नुसता क्यूआर कोड, आणि खाली ‘अधिक माहितीसाठी स्कॅन करा’.

“स्कॅन कशानं करू?” मी सुरक्षारक्षकाला विचारलं.

“मोबाइलनं.”

“तो तुम्ही ठेवून घेतलाय.”

“हो ना सर, अंदर अलाऊड नाही.”

माणूस इतका शांत होता, की मला भांडताही येईना. आत्या म्हणाली, “डोक्यानं स्कॅन कर.”

मग थेट डिजिटल विभाग. एसी थंडगार, त्यात शाल पांघरून बसलेल्या एक मॅडम. त्यांनी आजीचं पान उघडलं आणि म्हणाल्या, “सिस्टीममध्ये त्या मुक्या आहेत. म्हणून ऑडिओ जोडलेला नाही.”

“अहो, पण तुमची माणसं आवाज टेप करायलाच आली होती.”

“असेल. पण मुक्या व्यक्तीचा आवाज कसा जोडणार?”

माझं डोकं फिरायच्या बेतात होतं. आत्यानं माझ्या दंडाला धरून मला मागं ओढलं. “कोनं सांगतलं तुमाले, का माही माय मुकी होती?”

मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. “त्यांनी स्वतःच सांगितलंय. हे बघा नोंदीत. ‘मी मुकीवाली हावो.’”

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. “वं बाई, मुकी म्हंजे मिरचीचं देठ. सातऱ्यावर बाया मुक्या खुडतेत. माय मुकीवाली होती, मुकी नोती.”

मुकी बाई ‘मी मुकी आहे’ असं तोंडानं कशी सांगेल, हा प्रश्न त्या अख्ख्या इमारतीत कुणालाही पडला नव्हता. कपाळावर हात मारून घ्यावा असं वाटलं, आणि मी मारलाही.

मॅडम मात्र ओशाळल्या. त्यांनी शोधाशोध करून मूळ फाइल काढली आणि लावली. आधी कावळे, कुणाचा तरी खोकला. मग आजी. “चालू झाला का गा तुमचा टेप? थांबा जरासे. शांते! गायीले पानी दाखवलं का वं?”

“दाखवलं वं माय,” माझ्या शेजारच्या खुर्चीतून आत्या म्हणाली.

म्हणाली आणि तोंडावर पदर धरला. मला रडू आवरेना. पुढं आजी मुक्या खुडण्याबद्दल, बोटांच्या आगीबद्दल बोलत राहिली, पण आत्या सारखी सुरुवातच पुन्हा लावायला सांगत होती. मॅडमनी कुरकुर न करता लावली. कॉपी मागितली तेव्हा म्हणाल्या, “फाइल देता येत नाही हो. पण वेबसाइटवर टाकते, मग कुठूनही ऐका.”

जावं का नागपूरला? जरूर जावं. संग्रहालयही बघावं. फक्त मोबाइल जमा करायच्या आधी वेबसाइट वाचून ठेवा, आणि जमलं तर तिथल्या एखाद्या आत्याला बरोबर न्या. मी परत आलो तो पाय सुजवून, नाक सोलपटून, पण खूश होऊन आलो होतो.

महिनाभरानं पान खरंच बदललं. ‘मिरचीची मुकी खुडणारी महिला’, आणि खाली ऐकायचं बटण. मी लगेच भिवापूरला फोन लावला आणि लॅपटॉपपाशी धरला. आवाज लख्ख होता. ना कावळे, ना खोकला. आजीनं थेट सुरुवात केली, “मिरची पयले चांगली वाळू द्याची.” आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

“हाक कुठं हाय गा?” तिनं विचारलं.

मी पान खाली सरकवलं. बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती मी तिला वाचून दाखवली, ‘अनावश्यक भाग वगळून ध्वनी शुद्ध केला आहे.’

आत्यानं ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, “अनावश्यक म्हंजे मीच ना गा?”