लॉगआउट केल्यावरही आत

तहरीम मुजावर राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तेव्हा दवाखान्याचं सॉफ्टवेअर नवं कोरं होतं. तिनं आणि एका सीनियरनं मिळून ते लिहिलं. सीनियर पुढं बंगळूरला गेला आणि त्या कोडच्या खाचाखोचा ठाऊक असलेली ती एकटीच उरली. नंतर पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं. राजीनामा घेऊन ती केबिनमध्ये गेली, तर मालक वृषभ चौगुले म्हणाले, "तहरीम, जुनं व्हर्जन तेवढं गुंडाळू या, मग खुशाल जा." त्यांचं मन मोडणं तिच्या जिवावर आलं. ती थांबली.

गुंडाळणं काही होईना. दवाखाना एक दिवसही बंद ठेवता येत नव्हता, म्हणून एकेक पान नव्या व्हर्जनमध्ये न्यायचं ठरलं. लॉगिन, बिलं, औषधं जुन्यात राहिली. पेशंटचे रिपोर्ट नव्यात गेले. नवा भाग आदर्श नावाचा नवा लागलेला मुलगा लिहायचा. वापरणाऱ्याला दोन्हीतला फरक कळायचाही नाही. गोम आत होती. कोण आत आलंय याची नोंद जुना भाग स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचा. नवा भाग मात्र ब्राउझरला एक टोकन, म्हणजे आत सोडायची चिठ्ठीच, देऊन टाकायचा आणि ते दिसलं, की काही न विचारता पान उघडायचा. "ह्या दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही, सर," तहरीम दोनदा म्हणाली होती. "बघू की पुढच्या महिन्यात," असं उत्तर दोन्ही वेळा मिळालं.

मग दवाखान्यातून फोन आला. कोडोलीची भाग्यश्री नावाची मुलगी तिथल्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा रिपोर्ट बघून उठली होती. तिच्या मागोमाग बसलेल्या माणसानं रिपोर्टचं पान उघडलं, तर समोर तिचाच रिपोर्ट. टीबीचा. माणूस नेमका तिच्याच गावचा. संध्याकाळच्या आत बातमी कोडोलीत आणि तिथून तिच्या होणाऱ्या सासरी.

तहरीम पोचली तेव्हा काउंटरवर मुलीची आई, रत्नाबाई, तावातावानं बोलत होती आणि क्लार्क तिला समजावत होता, "मावशी, पोरगी बंद न करताच उठली असंल."

"बंद केलतं! मी डोळ्यानं बघितलंय. उगं माझ्या लेकीवर ढकलू नगासा!"

भाग्यश्री बाकावर ओढणीनं तोंड झाकून बसली होती. तहरीमनं त्याच कॉम्प्युटरवर लॉगिन केलं, रिपोर्ट बघितला, लॉगआउट दाबलं. 'आपण बाहेर पडला आहात,' असं पडद्यावर आलं. तिनं रिपोर्टचं पान पुन्हा उघडलं. ते उघडलं. जुन्या भागानं बाहेर काढलेल्याला नवा भाग अजून घरचाच समजत होता.

तिनं बाहेर येऊन फोन लावला. वृषभसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सध्या पोरगीच विसरली म्हणून सांग. हे काम गेलं तर आपलं ऑफिस बंद पडतंय. सगळ्यांची घरं हायत त्याच्यावर."

त्यात तिचंही घर होतं. अब्बांचं डायलिसिस चालू होतं. फोन ठेवून ती जिना उतरून फाटकापर्यंत गेली आणि तिथनं परत फिरली.

ती थेट बाकापाशी गेली. "मावशी, तुमच्या मुलीनं नीट बंद केलं होतं. चूक आमची आहे."

रत्नाबाई काउंटर सोडून तिच्यासमोर आली. "मग आता त्या पावण्यांना कोण सांगणार हे?"

डॉक्टरांनी मुलाकडच्यांना बोलावून आजार बरा होतो हे समजावलं. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, आणि आठवड्यानं नकार कळवला.

तहरीमनं चूक सापडली त्याच दिवशी रिपोर्टचं पान कुणाला न विचारता बंद केलं होतं. मग मधला दुवा लिहिला. नव्या भागानं कुठलंही पान उघडण्याआधी जुन्याला विचारायचं, हा माणूस अजून आत आहे का? नाही म्हटलं, की टोकन रद्द. लॉगआउट कुठूनही करा, दोन्हीकडचं पुसलं जायचं. तिनं सगळ्या बाजूंनी ते तपासलं. कुठं फट राहिली नाही.

वृषभसर रागावले होते, पण दवाखान्यानं काम काढून घेतलं नाही. दुवा चालतोय म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. "झ्याक! दोन्ही असं गुण्यागोविंदानं नांदत असतील तर जुनं काढायची घाई कशाला करायची?"

फट बुजली होती आणि जुनं आता कायमचं राहणार होतं. ते सांभाळणारीही.

तिनं आदर्शला जुना कोड शिकवायला घेतला. दोन दिवस तो बसला. तिसऱ्या दिवशी खुर्ची मागं सरकवत म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. हे शिकलो तर मला बी इथंच बसवतील की."

तिला राग आला नाही. त्याच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

सोमवारी वृषभसर एका शाळेच्या संस्थाचालकांना घेऊन आले. त्यांचंही जुनं सॉफ्टवेअर होतं, त्यांनाही नवं हळूहळूच हवं होतं. "ह्या आमच्या तहरीम मॅडम," सर कौतुकानं म्हणाले, "जुन्या-नव्याची सांगड ह्यांनीच घालावी." पावणे हसून समोर बसले. तहरीमनं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "लॉगिन कुठल्या भागात आहे तुमचं?"